पांढरी गुटी

खर्र, खर्र असा सहाणेवर वेखंड उगाळल्याचा आवाज आला आणि जेवून आडवं झालेलं घर एकदा कुशीवर वळलं.

ऋतुजानं हात थांबवला. सोप्यात सासऱ्यांचं, महिपतींचं, घोरणं थांबलं होतं. ते पुन्हा सुरू झालं तशी तीही सुरू झाली. डाव्या हातानं वेखंड फिरवायचं आणि उजव्या हातानं, गुडघ्यांत धरलेल्या वाटीत, चमच्याच्या पाठीनं गोळी चेचायची. वेखंड नुसतं आवाजासाठी होतं. औषध वाटीत होतं.

तिच्या बाळाला, बिरूला, पाचवा महिना लागला होता आणि ही दोन हातांची चलाखी आता तिला डोळे मिटूनही जमली असती. तिच्या सासूबाईंनी, मुक्ताबाईंनी, पहिल्याच दिवशी हुकूम काढला होता. "डॉक्टरची गोळी हाय आसं भाईर कुणाला कळाय नगं. लोक इचारत्यात काय झालंय, आन् काय झालंय ते आपल्यालाच सांगाय येत न्हाय. गुटी म्हणायचं. गुटी म्हणलं की कुणी फुडं इचारत न्हाय."

त्यात तथ्य होतं. आजाराचं नाव टॉक्सोप्लाझ्मोसिस. ते एका दमात घ्यायला महिपतींना पाण्याचा तांब्या जवळ लागायचा, म्हणून ते नुसतं 'त्ये' म्हणायचे. जन्मला तेव्हा बिरू चांगला टाहो फोडणारा, हातपाय झाडणारा. काविळीसाठी दवाखान्यात ठेवला असताना डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं. डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एक ठिपका होता. मग बिरूचं रक्त, मग ऋतुजाचं रक्त. पोटात असतानाच आईकडून बाळाकडे गेलेला जंतू. आईला काय, थोडी कणकण आणि मानेत दोन गाठी. ऋतुजानं ते ऊन लागलं म्हणून सोडून दिलं होतं. बाळाच्या मात्र तो डोळ्यांत जाऊन बसतो, कधी डोक्यातही. बिरूच्या डोक्यात काही सापडलं नव्हतं. वर्षभर रोज औषध, मधून मधून रक्त तपासायचं, डोळा दाखवायचा. गेल्या खेपेला ठिपका होता तेवढाच होता. "एक दिवस चुकवू नका," डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणायच्या, आणि ऋतुजा ते वाक्य घरभर मनात घेऊन फिरायची, जसं कुणी भरलेली घागर घेऊन फिरावं.

उद्या बिरूचं जावळ होतं. त्यासाठी महिपतींची थोरली बहीण मायाक्का आत्या उजनीच्या काठावरनं केळीचा घड आणि स्वतःचा नातू काखेत मारून आली होती. नातू बिरूहून महिन्यानं मोठा आणि दिसायला त्याच्या निम्मा.

आत बिरू कुरकुरला. ऋतुजानं अंगावरचं दूध वाटीत पिळलं, गोळी कालवली, वाटी सहाणेशेजारी ठेवली आणि आत गेली. दुपटं बदललं. बिरूनं तिचं बोट धरलं आणि तिच्याकडे बघून हसला. उजवा डोळा नीट तिच्यावर, डावा जरासा तिच्या कानातल्या फुलाकडे. ती मुद्दाम मान हलवून ते फूल हलवत राहिली. त्यात लागायला हवा होता त्याहून थोडा जास्तच वेळ गेला.

बाहेर आली तेव्हा आत्या सहाणेपुढं मांडी घालून बसली होती. मांडीवर नातू. डाव्या हातात वाटी. उजव्या हाताचं बोट पांढऱ्या औषधात बुडवून पोराच्या ओठांपाशी नेलेलं.

ऋतुजानं आत्याच्या मनगटावर फटका मारला. वाटी उडाली, फरशीवर गोल गोल फिरत दारापर्यंत गेली आणि तिथं जाऊन निवांत पालथी पडली.

"आत्या, चाटवलं का? आधी सांगा, चाटवलं का त्याला?"

"कुटं चाटवलं? तू चाटवू दिलं तर की," आत्या मनगट चोळत म्हणाली. "आगं, टिपूसभर गुटीसाठी हात उचलतीस व्हय माझ्यावर?"

घर जागं व्हायला तेवढं पुरलं. महिपती पटका सावरत उठले. मुक्ताबाई मधल्या दारात आल्या. त्यांच्यामागं ऋतुजाची आई कस्तुराबाई, जी सकाळीच मैंदर्गीहून आली होती, पुरणाचा हात तसाच वर धरून. अभिमन्यू, ऋतुजाचा नवरा, जेवणाच्या पत्रावळ्या मोजायच्या सोडून आत आला. आणि सगळ्यात शेवटी मुक्ताबाईंचं मांजर, पाटलीण. गावच्या पाटलिणीसारखी कुणाकडं न बघता चालायची म्हणून तिला ते नाव. तिनं सांडलेल्या औषधाचा वास घेतला, एकदा शिंकली आणि तोंड फिरवून निघून गेली.

"बघा. मांजर बी खाईना," कस्तुराबाई म्हणाल्या.

"मांजराचं नंतर," आत्यानं नातवाला खांद्यावर टाकलं. "मुक्ते, आदी मला सांग. ही पोरगी सकाळधरनं पाठ करून गुटी उगाळती. म्या म्हणलं, लई गुणाची दिसती. बिरू बघ कसा लोण्याच्या गोळ्यागत. माझ्या ह्याच्या अंगाला काय लागत न्हाय. म्हणून तुला इचारलं, काय घालतीस गुटीत? तू काय म्हणालीस?"

मुक्ताबाईंनी पदराला लागलेलं पीठ झटकलं. पीठ नव्हतंच.

"हिमालयातलं मूळ हाय म्हणाली," आत्यानंच सगळ्यांना सांगितलं. "यक साधू आणून देतो म्हणाली."

अभिमन्यू नाकातून हसला आणि आईनं बघितल्यावर खोकला.

ऋतुजा खाली बसली. आत्याच्या नातवाच्या ओठांवरून तिनं पदर फिरवला, मग आत बोट घालून जीभ पुसून काढली. पोर रडायला लागलं. "आत्या, ती गुटी नाही. गोळी आहे. बिरूला आजार आहे म्हणून त्याला देतो. ज्याला आजार नाही त्याच्या पोटात गेली तर अंगातलं रक्त कमी होतं. बिरूचंसुद्धा सारखं तपासावं लागतं." आणि मग, आतापर्यंत घराबाहेर कुणालाच न सांगितलेलं, एका दमात सांगून टाकलं. ठिपका, जंतू, वर्षभराचं औषध. आजाराचं पूर्ण नावही. तांब्याशिवाय.

आत्या ऐकत होती. शेवटी म्हणाली, "येवढंच व्हय? मग लपवायचं काय त्यात? माझ्या पोराला खरूज झाली हुती, ती बी आमी देवीच्या नावावर खपवली. चा टाक."

चहा झाला. चहाबरोबर खटला सुरू झाला.

"आता उघडं पडलंच हाय तर बोलूनच घ्या," कस्तुराबाईंनी बशीत फुंकर घातली. "आमच्या पोरीला हे आलं कुटनं? डॉक्टर म्हणत्यात मांजराच्या घाणीतनं येतं. आन् मांजर ते बघा, चुलीम्होरं पाय वर करून बसलंय. मालकीण असल्यागत."

"पाटलिणीला बोलायचं काम न्हाय, विहीणबाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "तिच्या आजीपासनं त्यांचं घराणं हितं हाय. अभिमन्यू त्यांच्यात लोळून मोठा झाला. त्याचे डोळे बघा, रस्त्याच्या पलीकडनं लुगड्याचा पोत सांगतो. तुमीच सांगा, पोर म्हायेराला आली तवा शेळीचं धारोष्ण दूध कुणी पाजलं? न उकळता?"

"आमच्या शेळीनं कुणाचा डोळा न्हाई बिघडवला."

"आमच्या मांजरानं बी न्हाय."

"यव्वा, मग परसातल्या मेथीच्या वाफ्यात उकरून कोण बसतं रोज सकाळी? म्या?"

मुक्ताबाईंची बशी थांबली. कोपऱ्यात बसलेली बानू, बिरूची पाच वर्षांची बहीण, हळूच उठली. खटला कुणीकडे झुकतोय ते तिला समजलं होतं. तिनं पाटलिणीला पोटाशी धरलं, धान्याच्या कणगीमागं नेलं आणि वर टोपली पालथी घातली. मग टोपलीवर स्वतः बसली.

"पोत्यात घालू आन् हिप्परग्याच्या तळ्यापलीकडं सोडून येऊ," कस्तुराबाई म्हणाल्या.

"मग तुमची शेळी बी घाला पोत्यात. दोघींना संगट सोडू."

"अव्वा, आई, दोघी पण थांबा," ऋतुजा एकदा आईकडं, एकदा सासूकडं बघत म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, कुठून आलं ते आता कळणार नाही. मांजराची घाण, वाफ्यातली माती, कच्चं दूध, अर्धंकच्चं मांस. कुठूनही."

अर्धंकच्चं मांस म्हटल्यावर सोप्यातल्या सगळ्यांनी एकदम आढ्याकडं बघितलं. आढ्याला काही नव्हतं. जुना पंखा होता. महिपतींकडं मात्र कुणी बघितलं नाही, आणि महिपतींना ते नीट दिसलं.

त्यांच्या घरात एक रीत होती. डोहाळजेवणाला आणि जावळाला बोकड पडायचा, आणि काळजाचा पहिला तुकडा सासऱ्यानं निखाऱ्यावर धरून स्वतःच्या हातानं सुनेला भरवायचा. भाजायचा म्हणजे निखारा नुसता दाखवायचा. आतून लाल राहिला पाहिजे. जास्त भाजलं की त्यातलं रक्त जळतं आणि बाळाला मिळत नाही. महिपतींच्या हातचा तुकडा असा व्हायचा की पंचक्रोशीतले जाणते नाव काढायचे. बिरूच्या वेळी, ऋतुजाच्या सातव्या महिन्यात, त्यांनी तिला भरवला होता. हनुवटीवरनं लाल ओघळ आला, बायका हसल्या, आणि शिकलेली सून नाक न मुरडता खाती म्हणून महिपतींची छाती रुंद झाली. त्यानंतर पंधरवड्यानं तिला कणकण आली. महिपतींना शाळा नव्हती, पण पंधरवडा त्यांना मोजता येत होता.

हे ते कुणाशी बोलले नव्हते. डोळ्यातला ठिपका कळला त्या दिवशी ते थेट माळावरच्या बिरुदेवाच्या देवळात गेले होते आणि चार मेंढकऱ्यांदेखत मोठ्यानं बोलून बसले होते, जावळापर्यंत डॉक्टरचं औषध, जावळानंतर तुझं. देवानं बरं केलं की मग कुणामुळं झालं, कसं झालं, हे सगळंच संपलं. तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

"झालं इतकं बास," ते आता म्हणाले. "उद्या जावळ. उद्यापासनं गोळी बंद. म्या देवाला शब्द दिलाय."

"मामा," ऋतुजा म्हणाली, "गोळी बंद होणार नाही."

आवाज चढला नव्हता. पण या घरात आल्यापासून सासऱ्यांसमोर तिनं 'नाही' हा शब्द वाक्याच्या शेवटी आणि एवढा स्वच्छ कधी ठेवला नव्हता.

"अभिमन्यू," महिपती म्हणाले, "सांग तुझ्या बायकोला."

अभिमन्यू नवी पेठेत कापडाच्या दुकानात होता. सासूला हिरवं आवडलं आणि सुनेला निळं, तर दोघींना 'हेच तुम्हाला खुलून दिसतंय' म्हणायची त्याला सवय. "बाबा, तुमचा शब्द म्हणजे शब्दच," तो म्हणाला. "आणि ऋतूचं पण म्हणजे... डॉक्टरांचं पण तसं..."

"दोन्ही गुंडाळून दे," कस्तुराबाई म्हणाल्या.

"आमच्या येळी सून सासऱ्याला न्हाय म्हणत नव्हती," आत्या म्हणाली. महिपतींची मान ताठ झाली. बहीण आपल्या बाजूची. आत्या नातवाच्या पाठीवर थापटत होती. "एक बी न्हाय म्हणत नव्हती. तापात तेल सोडा म्हणलं की सोडायचं, दूध तोडा म्हणलं की तोडायचं. माझी दोन गेली. तवा कुणीतरी असा हातावर फटका माराय पायजे हुता."

महिपतींनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि परत डोक्यावर ठेवला.

"आक्का, ते समदं खरं," ते शेवटी म्हणाले. "पर शब्द देवाला दिलाय. तो म्या मोडू कसा?"

"तुमी कशाला मोडताय?" मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका गोड होता की अभिमन्यूनं चमकून आईकडं बघितलं. "देवाला दिलाय तर देवालाच इचारा. उद्या कौल लावा, देवाच्या दोन्ही अंगाला एकेक फूल. उजवं फूल पडलं तर गोळी चालू. डावं पडलं तर बंद. मग ह्या पोरीनं बी बोलायचं न्हाय, आन् तुमी बी न्हाय."

"आई," ऋतुजा म्हणाली. आतापर्यंत गोळ्या लपवायला जिनं शिकवलं, तीच बाई आता त्या दोन फुलांवर टांगत होती. कस्तुराबाईंनी तोंड उघडलं, आणि मुक्ताबाईंनी त्यांच्या पायावर आपला पाय ठेवला. कस्तुराबाईंनी तोंड मिटलं.

ऋतुजानं आत जाऊन दुसरी गोळी चेचली, या वेळी वेखंडाशिवाय. बिरूला पाजता पाजता तिनं ठरवलं, डावं पडो की उजवं, पाकीट आपल्या पिशवीतच राहणार.

सकाळी कस्तुराबाई अंघोळ करून स्वयंपाकघरात आल्या तेव्हा मुक्ताबाई पूजेचं ताट भरत होत्या. खोबरं, भंडारा, आणि कण्हेरीची दोन फुलं. एक पांढरं, एक तांबडं. या घरात कौलाला उजवीकडं पांढरं आणि डावीकडं तांबडं लावायचं, हे कस्तुराबाईंनाही माहीत होतं.

"विहीणबाई," मुक्ताबाई ताटावरनं नजर न उचलता म्हणाल्या, "तुमी काल काकवी आणलीया म्हणं. चिकट हाय का?"

"काकवी चिकटच असती की. पुरणपोळीसंगं खायला आणली. का वो?"

मुक्ताबाईंनी तांबडं फूल उलटं केलं आणि देठाकडची बाजू पुढं धरली.

कस्तुराबाईंना थोडा वेळ लागला. मग त्यांनी दार लोटून घेतलं. "अय्यो. देवाला फसवायचं?"

"देवाला कशाला? देवाला समदं ठावं हाय. आमच्या मालकाला फसवायचं. मानूस अडकून बसलाय. खाली उतराय शिडी लागती त्याला, उडी न्हाय मारता येत."

"आन् काल पोरीच्या तोंडावर तुमी..."

"तिला कळलं असतं तर तिच्या तोंडावर दिसलं असतं. त्या पोरीच्या पोटात औषिधाबिगर काय लपत न्हाय."

कस्तुराबाईंनी बरणी उघडली. बोटाच्या टोकानं काकवी लावली, थोडी. मग विचार करून आणखी थोडी. "मांजर मात्र वाफ्यात जायचं न्हाय," त्या म्हणाल्या.

"वाफ्याला जाळी लावती. आन् तुमी शेळीचं दूध उकळा."

"उकळते."

दोघी विहिणींनी ताटावर फडकं झाकलं. कणगीमागून, टोपलीखालून, एक म्याऊ आलं. दोघींनी ऐकलं नाही.

बिरुदेवाचं देऊळ म्हणजे माळावर चार भिंती, पत्रा आणि एक लिंब. ऋतुजाचा भाऊ चन्नवीर पहाटेच येऊन बसला होता. भाच्याचं जावळ मामाच्या मांडीवर. बिरूनं वस्तरा लागेपर्यंत सगळ्यांना बोळकं दाखवलं आणि वस्तरा लागल्यावर अख्खा माळ दणाणून सोडला. मग डोक्यावर भंडारा चोळला तेव्हा तो हळकुंडासारखा पिवळा झाला आणि कुणाला काही समजायच्या आत गप्प झाला.

महिपती देवापुढं उभे राहिले. ताटातलं तांबडं फूल त्यांनी तांब्यातल्या पाण्यात बुचकळलं आणि देवाच्या डाव्या अंगाला दाबून लावलं. मुक्ताबाई पुढं वाकल्या. पाण्यानं काकवी धुतली तर नाही ना? नव्हती. फूल दगडाला असं बसलं जसं तिथंच उगवलं होतं. महिपतींनी बोटाकडं बघितलं. अंगठा आणि बोट एकमेकांना लावून सोडलं. पुन्हा लावून सोडलं. चिकटत होतं.

मुक्ताबाई लिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागल्या.

महिपतींनी पांढरं फूल उचललं. तांब्याकडं हात नेला, आणि तांब्याला न लावता तसाच परत आणला. कोरडंच फूल त्यांनी देवाच्या उजव्या अंगाला टेकवलं, एका पाकळीवर, जसा एखादा घरी आलेला नको असलेला पाहुणा बाजेच्या कडेला बसवावा. मुक्ताबाईंनी ते डोळ्यांच्या कोपऱ्यातनं बघितलं आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडावर घेतला. लोकांना वाटलं, बाईला भरून आलं.

"बिरुदेवा," महिपतींनी गाऱ्हाणं सुरू केलं, "तुजं लेकरू..."

टप्. पांढरं फूल पडलं.

"आरं, आजून इचारलं बी न्हाय," आत्या म्हणाली.

"देवाला म्हाईत हाय काय इचारायचं ते," महिपती घाईनं म्हणाले. "उजवं दिलं. समद्यांनी बघितलं. गोळी चालू."

"गोळी चालू," कस्तुराबाईंनी जरा मोठ्यानंच री ओढली.

ऋतुजा बघतच राहिली होती. तिच्या पिशवीतल्या पाकिटावरची मूठ सुटत नव्हती. तेवढ्यात तांबड्या फुलावर एक मुंगी चढली. तिच्यामागं दुसरी. मग दगडाच्या फटीतनं सरळ एक रांग. महिपती पुढं झाले, देवाला नमस्कार केल्यासारखं केलं आणि तळहातानं रांग पुसून काढली. मागं वळले तर बायको समोर. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकमेकांना फार वेळा पकडलं होतं, पण दोघं एकाच वेळी सापडायची ही पहिलीच वेळ.

"फूल राहू दे तसंच," महिपती म्हणाले.

"काढायला गेला तरी निघायचं न्हाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

औषध त्या दिवशी देवळाच्या ओट्यावर, सगळ्या भावकीदेखत, उघड्या वाटीत कालवलं गेलं. आत्यानं बिरूचे गाल दाबून धरले आणि चुलत्यामालत्यांना सांगत राहिली, ही काय गुटी न्हाय बरं का, डॉक्टरची गोळी हाय, आपल्या पोरांना चोरून चाटवाय जाऊ नगा. एकीनं विचारलं, काय झालंय? आत्यानं ऋतुजाकडं बघितलं, तोंड उघडलं, दोन अक्षरं घेतली आणि म्हणाली, "त्ये. नाव लांब हाय. औषिध हाय त्याला."

दुपारी लिंबाखाली निखारे पडले. काळजाचा पहिला तुकडा महिपतींनी सळईला लावला आणि उकिडवे बसले. तुकडा तांबडा होता तो करडा झाला. करड्याचा काळा झाला. जाणते जवळ आले, एकमेकांकडं बघून मागं गेले.

"मामा, जळतंय," चन्नवीर म्हणाला.

"जळू दे."

आतला शेवटचा थेंब सुकेपर्यंत त्यांनी सळई हलवली नाही. मग उठले आणि रीतीप्रमाणं सुनेपुढं हात केला. ऋतुजानं तोंड उघडलं. तो कोळसा होता. तिनं चावला, पुन्हा चावला, एका गालातनं दुसऱ्या गालात नेला. महिपती समोर उभे होते, हात तसाच अर्धा पुढं.

"मामा, चांगलं झालंय," ती म्हणाली. "हेच करत जा आता."

"व्हय," ते म्हणाले. "हेच करत जाणार." आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून पाठ फिरवली. धूर पलीकडं, मैंदर्गीच्या दिशेला चालला होता.

"माजा दात हालला की वो," तिकडं कस्तुराबाई दुसरा तुकडा हातात घेऊन म्हणाल्या. "हे काळीज हाय का लिंबाचं लाकूड?"

"विहीणबाई, रीत हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "गुमान खावा."

ऋतुजा बिरूला घेऊन ओट्यावर टेकली. पोट भरलेलं, डोकं गुळगुळीत, भुवयांत भंडारा. आता सहाण धुवून वर ठेवून द्यायची, ती विचार करत होती. आणि पुढच्या महिन्यात डोळा दाखवायला जाताना कुणाला सांगून जायचं हा प्रश्नच उरला नव्हता. सगळे येतो म्हणाले होते. आत्यासुद्धा.

समोर बानू होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून त्यात ठिपका देऊन दाखवला होता; तसा गोल आणि ठिपका बानूनं पेनानं स्वतःच्या तळहातावर काढलेला होता. तो हात तिनं डाव्या डोळ्यावर धरला. दोन पावलं उजवीकडं सरकली. मग डावीकडं. मग खाली बसली. मग उठून टाचा उंचावल्या. बिरू तिच्या दिशेनं मान फिरवत होता, कधी तिच्याकडं, कधी तिच्या जरा पलीकडं.

"काय करतीस गं?"

"आई, त्या ठिपक्याच्या मागं जे असंल ते बिरूला दिसत न्हाय व्हय?"

"डॉक्टर म्हणतात, आताच नाही कळत. तो मोठा झाला, बोलायला लागला, की तोच सांगेल आपल्याला."

बानूनं हात खाली घेतला. तळहातावरचा ठिपका घामानं पसरला होता.

"मग तवर मी कुटं हुबी राहू," तिनं विचारलं, "म्हंजी त्याला मी सगळीच्या सगळी दिसंल?"